अर्धं पातं

ब्लेड कागदातून काढायचं नाही. कागदासकट लांबीवर दुमडायचं, पोथी मिटावी तशा दोन्ही धारा एकमेकींजवळ आणायच्या आणि अंगठ्यांनी दाब द्यायचा. टक् असा बारीक आवाज येतो. कागद उलगडला की आत दोन अर्धी पाती, सरळ, सारखी, धारेला कुठेही धक्का न लागलेली. बाबांची दाढी करायला घरी यायचे ते सलूनवाले मामा हे सगळं गप्पा मारता मारता, खाली न बघता करायचे. एक अर्धं वस्तऱ्यात सरकवायचे, दुसरं कागदात गुंडाळून बाजूला ठेवायचे. पुण्यातल्या कुठल्याही कटिंगच्या दुकानात दिवसभर हेच चालतं. मला त्या आवाजाची किंमत कळायला पन्नाशी ओलांडावी लागली.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं; नंतर ते थोडं थोडं परत आलं, पण एका वेळी एकच शब्द, तोही बराच वेळ शोधून काढलेला. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा चेहऱ्यावर तीन आठवड्यांची पांढरी दाढी होती. बाबांना मी तोवर कधी दाढी वाढलेली पाहिलं नव्हतं. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या खात्यात, त्यांनी पस्तीस वर्षं काढली. पहिल्या पाळीला जायचं तर पहाटे पाचला, दुसरीला जायचं तर निवांत नऊला, पण दाढी रोज. रविवारीही. ताप असला तरीही.

पहिला महिना मामा आले. त्यांचा हात फार हलका. तरी दाढी झाल्यावर बाबा डाव्या हाताने न्हाणीघराकडे बोट करायचे आणि म्हणायचे, "तो." मामांना वाटायचं, आरसा हवाय. आईला वाटायचं, टॉवेल. मला चौथ्या दिवशी कळलं. न्हाणीघरातल्या फळीवर, तुरटीच्या खड्याशेजारी, पितळेच्या वाटीत त्यांचा रेझर होता.

हा रेझर आजोबांचा. आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. युद्ध संपल्यावर परत जाताना एका गोऱ्या सार्जंटने तो त्यांना दिला, अशी घरातली गोष्ट आहे. आज दुकानात मिळतो तसा दोन्ही बाजूंनी चालणारा हा रेझर नाही. याला एकच धार. डोकं एखाद्या छोट्या कुदळीसारखं आडवं, वरचं झाकण बिजागरीवर उघडणारं, आणि पुढे फेस धरायला एक गोलसर पन्हळ. पन्हळीवर 'एव्हर-रेडी' असं कोरलेलं, खाली ब्रुकलिन. निकेलचा मुलामा मुठीवरून गेला आहे. आजोबांचा आणि बाबांचा अंगठा जिथे टेकायचा तिथे खालचं पितळ दिसतं.

ही आडवी घडण फार जुनी. १८८० साली न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी 'स्टार' नावाच्या रेझरचं पेटंट घेतलं. त्यात वस्तऱ्याचाच एक तुकडा कापून बसवल्यासारखं जाड पातं असे आणि खाली फेस धरणारी पन्हळ. पातं काढून पट्ट्यावर परजावं लागे. पुढे एव्हर-रेडी आणि जेमसारख्या रेझरांनी ते जाड पातं बाद केलं आणि वापरून फेकून द्यायचं पातं आणलं, पण घाट तोच ठेवला. या पात्याला एका बाजूला धार आणि दुसऱ्या बाजूला पत्रा दुमडून केलेली जाड पाठ असते. रेझरच्या आत मागच्या बाजूला स्प्रिंगची दोन बोटं असतात. ती पाठीला पुढे ढकलतात आणि धार समोरच्या दोन कोपऱ्यांतल्या छोट्या थांब्यांना जाऊन टेकते. मग झाकण लावायचं. स्क्रू नाही, फिरवणं नाही. बाबा म्हणायचे, याच्या आत एक सोपी फिक्श्चर आहे, म्हणजे जॉब, घडवायचा तुकडा, नेमक्या जागी धरून ठेवणारी पकड, आणि चांगल्या फिक्श्चरमध्ये माणसाला चूक करायला जागाच उरत नाही.

अडचण पात्याची होती. तशी पाठीची पाती पुण्यात मी कुठल्या दुकानात पाहिली नाहीत. बाबांचे एक चुलतभाऊ न्यू जर्सीहून येताना पाकिटं आणायचे. एक पाकीट वर्षभर पुरायचं. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात बाबांना कधी गंजकी चळत मिळायची, ती ते ऑइलस्टोनवर, धार लावायच्या दगडावर, घासून कामाला लावायचे. ते काका गेले, येणं थांबलं. बाबा आजारी पडले तेव्हा वाटीत एकच पातं होतं, तेही रेझरच्या आत गंजून चिकटलेलं.

धाकट्या भावाने फोनवर सुचवलं की रेझर आता काचेच्या पेटीत लावून भिंतीवर ठेवू. त्याचं मन चांगलंच होतं. मला राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते आठवले. लहानपणी बाबा आम्हा दोघांना तिथे न्यायचे आणि प्रत्येक अडकित्त्यासमोर उभे राहून त्याची खीळ कुठे आणि जोर कुठे येतो ते सांगायचे. ते अडकित्ते देखणे आहेत, आणि कुणीतरी ते जपले म्हणून आपण पाहू शकतो. पण बाबांचा रेझर अजून बाबांचा होता. त्यांना तो पाहायचा नव्हता, वापरायचा होता.

ट्रिमर आणून पाहिला. बाबांना रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून डॉक्टरांचाही सल्ला ट्रिमरचाच होता, आणि तो योग्यच होता. बाबांनी दाढी करून घेतली, डाव्या हाताने गाल चाचपला, खुंट बोटांना लागले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पाच पात्यांचा प्लास्टिकचा रेझर आणला. त्यांच्या दाट दाढीत तो चार हातांत तुंबला. मी परदेशातून पाठीच्या पात्यांचं पाकीट मागवलं. ते यायला सहा आठवडे लागणार होते. आजारी माणसाच्या दिवसात सहा आठवडे फार मोठे असतात.

तेव्हा मी ठरवलं की वाण्याकडे मिळणारं साधं ब्लेड या रेझरला बसवायचं.

पहिल्यांदा चुकीच्या टोकाने सुरुवात केली. दोन धारांचं ब्लेड रेझरवर ठेवून पाहिलं. ते रुंद होतं आणि झाकण लागत नव्हतं. रेझरमधले कोपऱ्यांतले थांबे थोडे घासले तर बसेल असं मला वाटलं. बाबांच्या हत्यारांच्या पेटीतली बारीक कानस काढली आणि त्यांच्या पलंगाशेजारीच बसले. कानस धातूला टेकवणार तोच त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर आला. पकड एवढी घट्ट की मला आश्चर्य वाटलं. शब्द शोधायला त्यांना बराच वेळ लागला. मी थांबले.

"ब्लेड," ते म्हणाले. मग मान हलवून रेझरकडे पाहत, "नाही."

मला सगळं समजलं. काप ब्लेडला, रेझरला हात लावू नकोस. टूलरूममध्ये ते नव्या पोरांना हेच शिकवायचे, मी लहान असताना जेवताना त्यांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलं होतं. जॉब बसत नसेल तर फिक्श्चर घासायची नाही. फिक्श्चर एकच असते. जॉब रोज हजार येतात. एकदा थांबा घासला की तो परत उगवत नाही, आणि पुढे ज्याच्या हातात तो रेझर जाईल त्याच्यासाठीही तो बिघडलेलाच राहील. चार रुपयांचं ब्लेड चुकलं तर दुसरं घेता येतं. कानस पेटीत परत ठेवली.

पत्रा कापायच्या कात्रीने ब्लेड मधून कापायला घेतलं. हे कुणी करू नये. दाढीच्या ब्लेडचं स्टील पाणी देऊन एवढं कडक केलेलं असतं की ते वाकण्याऐवजी तडकतं. पहिल्याच घावाला एक कण उडून माझ्या चष्म्याच्या काचेवर आपटला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. जे अर्धं हातात आलं त्याची धार लाटेसारखी झाली होती. सहा ब्लेडं मी अशी वाया घालवली. पक्कडीत धरून मोडून पाहिलं, तर पक्कडीच्या दातांचे ठसे धारेवर.

दुसऱ्या दिवशी मामा आले. त्यांनी खिशातून ब्लेड काढलं, दुमडलं, टक्. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"मामा, परत करून दाखवता?"

"काय ताई?"

"ते ब्लेड मोडलंत ते."

त्यांनी करून दाखवलं, मग माझ्या हातात एक दिलं. माझ्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून कुठे धरायचं ते सांगितलं. मध्ये खाच आहे, ताई, जिथे खाच तिथे स्टील कमी, ते तिथेच मोडणार, तुम्ही फक्त वाट दाखवायची. माझ्या हातातही टक् झालं. मामा हसले, बाबाही हसले. उजवा ओठ खाली ओढलेला, डावा वर.

ती खाच मी त्या रात्री बराच वेळ न्याहाळली. आपल्यापैकी प्रत्येकाने ते ब्लेड पाहिलेलं असतं. शाळेत कंपासपेटीत पेन्सिलीला टोक काढायला आईने मोडून दिलेलं अर्धं ब्लेड असायचं, कागदात गुंडाळून. शिवणयंत्राच्या खणात उसवायला एक असायचं. भारत, अशोक, पनामा, टोपाज, सेव्हन ओ'क्लॉक ही नावं आपल्याला पाठ. पण मधल्या त्या नक्षीसारख्या फटीला तसाच आकार का, हा प्रश्न मला पन्नास वर्षांत पडला नव्हता.

किंग कँप जिलेट यांनी दोन धारांच्या पातळ पात्याची कल्पना काढली तेव्हा जाणकारांनी त्यांना सांगितलं होतं की इतक्या पातळ पत्र्याला पाणी देऊन धार लावणं जमणार नाही. ते जमवलं विल्यम निकर्सन या इंजिनिअरने. १९०३ साली विक्री सुरू झाली. त्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पेटंट १९०४ च्या नोव्हेंबरात मिळालं. त्या पात्याला तीन गोल भोकं होती, कारण रेझरच्या डोक्यात तीन खुंट्या होत्या, मधली आट्यांची आणि बाजूच्या दोन साध्या. मुख्य युक्ती अशी की पातळ पातं स्वतः ताठ राहत नाही. वरचं गोलसर झाकण आणि खालची पट्टी यांच्यात ते दाबून किंचित वाकवलं की वाकल्यामुळेच ते ताठ होतं. पन्हाळी पत्रा सपाट पत्र्यापेक्षा ताठ असतो, तसंच.

पुढे त्या पेटंटची मुदत संपली आणि इतर लोक तीन भोकांची पाती बनवू लागले. ऑटोस्ट्रॉप कंपनीच्या हेन्री गेझमन यांनी तर असं पातं काढलं की ते जिलेटच्या जुन्या रेझरमध्येही बसे आणि त्यांच्या स्वतःच्या नव्या रेझरमध्येही. जिलेटचं जुनं पातं मात्र त्यांच्या रेझरमध्ये बसत नसे. पेटंटचा वाद झाला, आणि १९३० साली दोन्ही कंपन्या एक झाल्या. त्या घडामोडीतून जे पातं आलं त्याला लांब फट होती आणि कोपरे कापलेले होते. कोपरे का कापले, हेही मला सुंदर वाटतं. रेझर हातातून पडला की झाकणाचा कोपरा वाकायचा, वाकलेला कोपरा पात्याला तिरपं दाबायचा आणि ते गालाला ओढायचं. कोपराच नसला तर ओढणारं काही उरत नाही.

फटीच्या आकारात जुन्या तीन खुंट्यांसाठी जागा ठेवली गेली. म्हणून आज रविवार पेठेत घेतलेलं ब्लेड १९०४ च्या रेझरमध्ये सहज बसतं. कुणी तसं सक्तीने करवलं नव्हतं. धंद्याची गरज होती हे खरं, पण त्या गरजेपोटी का होईना, नव्याने जुन्याला सामावून घेतलं. ते ब्लेड हातात धरून बसले असताना मला बाबांचा "नाही" पुन्हा ऐकू आला. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या लोकांनीही रेझरला हात लावला नव्हता. जे काही कापायचं ते पात्यातच कापलं होतं.

आता अर्धं पातं होतं, पण ते बसत नव्हतं. एक तर ते अरुंद. धार थांब्यांना टेकवली तर मागे बरीच जागा मोकळी, स्प्रिंगची बोटं तिथवर पोचतच नाहीत. दुसरं म्हणजे ते पातळ. बाबांचा मायक्रोमीटर काढला. तो त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेला, लाकडी डबीत, मखमलीवर. जुनं पाठीचं पातं मोजलं, ०.२३ मिलिमीटर. अर्धं ब्लेड ०.१०. मी आकडे मोठ्याने वाचले. बाबांनी डोळे मिटले, आणि मग डाव्या हाताची दोन बोटं वर केली.

दोन. दोन पाती एकावर एक.

वर नवं अर्धं, खाली वापरून बोथट झालेलं अर्धं. खालच्याची धार ऑइलस्टोनवर पूर्ण घासून टाकायची आणि ते वरच्यापेक्षा जरा मागे राहील इतकं कमी करायचं, म्हणजे ते कातडीला कधीच लागणार नाही, फक्त वरच्याला आधार देईल. ०.२०. जवळ आलो. मागची मोकळी जागा भरायला त्या गंजक्या शेवटच्या पात्याची पाठ वापरली. वाईसमध्ये धरून, पाणी टाकत टाकत, त्याचा पुढचा भाग घासून काढला, इतका की पाठ आणि अर्धं पातं एकामागे एक ठेवलं तर बरोबर पूर्ण पात्याएवढं होईल. टोकांचे कान रेझरच्या भिंतींना अडत होते, ते कागदात धरूनच थोडे छाटले. या वेळी गॉगल लावून. या सगळ्याला चार संध्याकाळी लागल्या. मी मराठी शिकवते. माझ्या हाताला धातूची सवय नाही. बाबा उशीला टेकून बघत असायचे, आणि घासण्याचा आवाज बदलला की बोट वर करायचे. थांब. बघ. मोज.

बसवलं, झाकण लावलं, उजेडाकडे धरलं. दोन्ही कोपऱ्यांत धार थांब्याला टेकलेली, मध्ये एकसारखी रेघ. मला वाटलं, झालं. फुग्याला फेस लावला. नवीन पोरांना हात बसावा म्हणून फुग्यावर शिकवतात, हे मामांनीच सांगितलं होतं. रेझर फुग्यावरून ओढला तर टर्र असा आवाज, आणि दुसऱ्या हाताला फुगा फुटला. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

बाबांनी कानाकडे बोट केलं. परत, असं खुणावलं. दुसरा फुगा. टर्र. त्यांनी शब्द शोधला. "सैल."

पातं थरथरत होतं. का, ते शोधायला मला रात्र लागली. मागच्या पट्टीत पाठीला लागून उरलेला पत्रा ०.२३ चा, पुढची थप्पी ०.२० ची. झाकण बसत होतं ते त्या पत्र्यावर. पात्यावर त्याचा दाबच येत नव्हता. जाड बाजूने दाब खाऊन टाकला होता. सकाळी मी हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, म्हणजे त्यांना रात्रीच कळलेलं होतं. मग मी ती पट्टी ऑइलस्टोनवर सपाट घासत बसले, चार घासण्या, एक माप, चार घासण्या, एक माप, ०.१९ येईपर्यंत. मागचं पुढच्यापेक्षा केसभर कमी. आता झाकण पात्यावर बसलं. तिसरा फुगा फुटला नाही.

मग माझा हात. मग नवऱ्याने आपणहून गाल पुढे केला. त्याची दाढी मी आठवडाभर केली. या रेझरला धरायची रीत वेगळी: झाकण गालावर जवळजवळ सपाट टेकवायचं आणि मग हळूच, केसाला धार लागेल इतकंच, मूठ खाली आणायची. जोर अजिबात द्यायचा नाही. रेझरचं वजनच पुरतं. धार कापडाने पुसायची नाही हेही मी याच आठवड्यात शिकले. आजच्या पात्यांच्या धारेवर टेफ्लॉनच्या जातीचा फार पातळ थर असतो, पुसल्याने तो जातो आणि धार खरखरीत होते. नुसतं पाण्याखाली धरायचं आणि झटकायचं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ट्रिमरच बरा, पण करायचंच असेल तर तुरटी हाताशी ठेवा, केस उगवतात त्याच दिशेने हात चालवा, आणि कापलं तर दहा मिनिटं दाबून धरा. मी हे लिहिते आहे ते कुणी आजारी माणसावर करून पाहावं म्हणून नाही. आम्ही फार सावकाश इथवर आलो, आणि शेजारी बाबा होते.

पहिली दाढी दसऱ्याच्या आदल्या दिवशी केली. गॅलरीत, सकाळच्या उन्हात, खुर्चीवर. गरम पाण्यात टॉवेल पिळून गालावर ठेवला. साबणाची वाटी, ब्रश, फेस. डावा गाल आधी, कारण तिथे त्यांना कळतं. मग उजवा. उजव्या गालाला त्यांना नीट जाणवत नाही, आणि तो सैल पडल्यामुळे माझ्या बोटांनी वर ताणून धरावा लागतो. इथे मला या रेझरचा खरा गुण कळला. तो बोलतो. प्रत्येक केस कापताना एक कोरडा, चरचरीत आवाज येतो, दोन धारांच्या रेझरपेक्षा कितीतरी मोठा. केस असेपर्यंत चरचर, केस संपले की शांत. कोन चुकला की आवाज बसतो. बाबांच्या उजव्या गालाला जे कळत नव्हतं ते त्यांच्या कानाला कळत होतं. ते डोळे मिटून ऐकत होते. ओठाच्या कोपऱ्याजवळ आवाज किंचित बदलला तेव्हा माझ्या आधी त्यांचा हात वर आला. मी थांबले, मूठ सावरली, पुढे गेले.

एवढ्या वर्षांत त्यांनी रोज हे ऐकलं असेल, एकटेच, न्हाणीघराच्या बंद दारामागे. मला तो आवाज लहानपणापासून माहीत होता, दाराबाहेरून. तो थांबला की चहा टाकायचा, हे आईचं घड्याळ होतं. दसऱ्याच्या त्या आदल्या दिवशीही आई गॅलरीत आली नाही. आवाज थांबला आणि स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचं ऐकू आलं.

सहा आठवड्यांनी परदेशातलं पाकीट आलं. ती पाती बरोबर बसतात, काही करावं लागत नाही. ज्या दिवशी मला कॉलेजला लवकर जायचं असतं त्या दिवशी ती वापरते. एरवी अर्धं ब्लेडच. बाबांना तेच आवडतं; ते जास्त मऊ चालतं असं त्यांनी बोटांनी सांगितलं, आणि मला वाटतं ते खरं असावं, कारण पातळ पातं केसाला कमी रेटतं. एक अर्धं चार दाढ्या टिकतं. दोन अर्ध्यांत, म्हणजे एका ब्लेडमध्ये, आठ. खालचा आधार आणि मागची पट्टी तीच आहे, पहिल्या दिवसापासूनची. पट्टी मी दर वेळी पुसून, तेलाचा हात लावून ठेवते, कारण ती जुन्या स्टीलची आहे आणि एका रात्रीत गंज धरते.

वापरलेली अर्धी पाती पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकते, वर चीर पाडून. डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून त्यावर मोठ्या अक्षरांत 'ब्लेड' लिहिते आणि 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई कचरा न्यायला येतात तेव्हा त्यांच्या हातात वेगळा देते. ओल्या कचऱ्यात हात घालून निवडणाऱ्या बाईला ते कापू नये एवढं तरी आपण करायला हवं. आमच्या इमारतीत आता आणखी तिघांनी असे डबे केले आहेत.

मामा अजून येतात, महिन्यातून एकदा, केस कापायला. पहिल्यांदा त्यांनी बाबांचा गाल पाहिला तेव्हा हाताची उलटी बाजू फिरवून म्हणाले, "ताई, हे तुम्ही?" रेझर मागून घेतला, झाकण उघडलं, आतली थप्पी बोटाने जरा हलवून पाहिली, हलली नाही. मग काही न बोलता खिशातून एक पूर्ण ब्लेड काढलं, मोडलं आणि दोन्ही अर्धी माझ्या वाटीत ठेवली.

आज सकाळी बाबांनी दाढी झाल्यावर नेहमीसारखा डावा हात फिरवला. डावा गाल, वरचा ओठ, उजवा गाल, जबडा. उजव्या गालावरून हात जातो तेव्हा गालाला काही कळत नाही, पण बोटांना कळतं. हनुवटीखाली ती थांबली.

"इथं," ते म्हणाले. या वेळी शब्द शोधावा लागला नाही.

मी ब्रश परत पाण्यात बुडवला.